भरती त्रैराशिकाने चढत नाही

संपादक महोदय,

भरती-ओहोटीच्या वेळा तुम्ही रोज छापता, उत्तम. पण हर्णैच्या पुळणीवर गाडी घालणारे पाहुणे त्यावरून त्रैराशिक मांडतात: सहा तासांत २.४ मीटर, म्हणजे तासाला ४० सेंटिमीटर. (शाळेत आम्हीच शिकवलं ना!) पाणी असं चढत नाही. ढोबळमानाने पहिल्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, एक. म्हणजे आधी जेमतेम २० आणि तिसऱ्या तासाला ६०! पन्नासास एक उताराच्या पुळणीवर ६० सेंटिमीटर म्हणजे ३० मीटर वाळू गेली. उंचीवरून वाळूचं अंतर काढताना मात्र सरळ रेषेचं गणित चालतं. वेळांखाली हे हिस्सेही छापावेत.

— एक निवृत्त गणित शिक्षक, दापोली