पावसात सड्यावर आलेल्या मॅडमना

सप्रेम नमस्कार,

नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावून गेलात, म्हणून नुसतंच मॅडम म्हणतो. रत्नागिरी जिल्ह्यात भर पावसात सडे, म्हणजे आमच्याकडची जांभ्या कातळाची पठारं, तुडवणारी माणसं मोजकीच, ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

कचरा डेपो पूर्वेकडे, आमच्या सड्यावर वाढवायचा बेत नगरपरिषदेने सोडला. कागद आला त्या दिवशी तुम्हाला फोन केला, पण मला धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

सड्याची पाहणी करून अहवाल लिहायला तुमच्या आधी एक एजन्सी येऊन गेली होती. ऐन वैशाखात. वर कातळ तव्यासारखा तापलेला, हिरवं पान औषधालाही नाही. साहेब लोक गाडीतून उतरले, चार फोटो काढले, बाटलीबंद पाणी प्यायले आणि गेले. अहवाल काय आला, तर जमीन ओसाड, दुर्मीळ असं काहीही नाही, पाणथळ जागा नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असं लिहिलेलंच होतं, त्यावर यांनी शिक्का मारला. वर वनस्पतींच्या यादीत कांदळवनाची झाडं! आमच्या सड्यावर कांदळवन! कुठल्याशा खाडीकाठच्या अहवालातली पानं उचलून चिकटवली होती, आणि ती पास करणाऱ्यांनीही वाचली नव्हती. आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा टेबलापलीकडून उत्तर मिळालं, की तुम्ही काय शास्त्रज्ञ आहात का?

नव्हतो. पण पावसाळ्यात वर काय असतं ते वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. फक्त पावसाळ्यात विचारायला कोणी आलं नव्हतं. अशा अभ्यासाला पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी बहुतेक वेळा चालते, हे तुमच्याकडूनच कळलं. हवा मोजायला चालत असेलही. पण सड्याचं सगळं आयुष्यच त्या चार महिन्यांचं. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या की कातळावरच्या बोटभर मातीतून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. कोकणपट्टीतले सडे सोडले तर ती बघायला मिळत नाहीत, हे आम्हाला कुठे माहीत होतं? मग डबकी भरतात. वर्षभर सुक्या मातीत पडून राहिलेली अंडी फुटून त्यात कोळंबीसारखे बारीक जीव पोहायला लागतात. श्रावणात गेंदाचे पांढरे गोंडे आणि सीतेची आसवं या फुलांनी पाणथळ भाग भरून जातो. गेंदाच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच रत्नागिरी आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आमची पोरं उगाचच कॉलर ताठ करून फिरत होती. कासच्या पठारावर फुलं बघायला लोक तिकीट काढून जातात, आणि आमच्या फुलांवर कचऱ्याचे डंपर!

पाण्याचं तर तुम्ही फार सोपं करून सांगितलंत. वर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपत खाली झऱ्याला आणि विहिरीला येतो. मग वर साचलेल्या कचऱ्यातून गळणारं काळं पाणी दुसरीकडे कुठे जाणार? 2016 च्या घनकचरा नियमांत पाणथळ जागेवर भरावभूमी करता येत नाही, तळ्यापासून 200 मीटर लांब राहावं लागतं, हे सगळं लिहिलेलं होतं. म्हणजे तिथे पाणथळ आहे एवढं कोणीतरी खरं लिहायचं बाकी होतं.

पण मॅडम, अहवाल, नकाशे, सुनावणी हे सगळं विसरेन एक वेळ. पाहणीचा तो दिवस नाही विसरणार.

पाऊस धो धो कोसळत होता. इंजिनीअर साहेब आलेले, नगरपरिषदेची इतर मंडळी आलेली, सगळे रेनकोटात वैतागून उभे. तुम्ही चिखलात गुडघे टेकून दवबिंदू नावाचं झाड दाखवत होतात. नखाएवढं ते झाड, तांबूस केसांवर चिकट थेंब, आणि त्यात एक डास अडकून पाय झाडतोय. साहेबांनी भिंगासाठी हात पुढे केला. तुम्ही मागे वळलात. आमची काकी इरलं घेऊन गुरांमागे उभी होती, लांबच. आयुष्य त्या सड्यावर गेलं तिचं. तुम्ही म्हणालात, "आधी काकींना बघू दे." भिंग तिच्या हातात दिलंत, डोळ्यापासून किती लांब धरायचं ते दाखवलंत, आणि ती वाकली तेव्हा स्वतः भिजत छत्री तिच्या डोक्यावर धरलीत. साहेब थांबले. सगळेच थांबले.

"अगो बाय माजे, ह्ये तर डास खातंय!" काकी ओरडली, आणि इंजिनीअर साहेबसुद्धा हसले. मग तिनेच त्यांना भिंग दिलं.

आमच्या माणसाला कोणी आधी आणि साहेबाला नंतर, असं आम्ही त्या दिवसापर्यंत बघितलं नव्हतं. काकी कधी कोणापुढे तोंड उघडायची नाही. सुनावणीला मात्र ती उठून उभी राहिली आणि कुठल्या डबक्यात पाणी कधीपर्यंत टिकतं ते सांगत सुटली. तिला थांबवायची कोणाची छाती झाली नाही.

आणखी एक बोलायला हवं, जरी वाडीतल्या काहींना ते झोंबलं असलं तरी. तुम्ही अहवालात आमच्या बाजूच्या चिरेखाणींचंही, म्हणजे जांभा दगड काढायच्या खाणींचंही, लिहिलंत. तिथलाही सडा गेलाय आणि तो कचऱ्याने नाही गेला, हे स्पष्ट शब्दांत. "मॅडम आपल्या की त्यांच्या?" असं दोघातिघांनी कुरकुरत विचारलं. मला मात्र त्या पानामुळेच बाकीच्या पानांवर विश्वास बसला. शहराचा कचरा कुठेतरी जायलाच हवा, हेही तुम्ही नाकारलं नाहीत. ओला-सुका वेगळा करा, जुना ढीग चाळून जागा मोकळी करा, मग वाढवायची गरज किती उरते ते बघा, इतकंच म्हणालात. आवाज न चढवता. अशी सरळ माणसं असतात, फक्त ती बहुधा टेबलाच्या त्या बाजूला बसलेली नसतात. इंजिनीअर साहेबांनाही श्रेय देतो. तो दिवस पाहून गेल्यावर त्यांनी जुना अहवाल रेटला नाही. नोकरीत राहून तेवढं करायलाही हिंमत लागते.

गाडीभाड्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. हापूसची पेटी पाठवतोय, ती परत पाठवू नका. काकी नाराज होईल, आणि तिला समजवायची ताकद आता वाडीत कोणात नाही.

डेपोसाठी आता पलीकडच्या सड्याचं नाव निघालंय असं ऐकतो. तिथलीही पाहणी होणार आहे. पावसात करणार म्हणतात. तुम्हाला बोलावणं आलं तर नाही म्हणू नका, आणि नाही आलं तर आम्हाला कळवा.

आपला,
सड्याखालच्या वाडीतला एक बागायतदार