दुसऱ्याच्या गाण्यात बोलणारा माणूस

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय सदा,

परवा फोनवर यू-रॉय या जमैकन कलाकाराबद्दल तू म्हणालास, "गाणं एकाचं, वाजवणारे दुसरे, आणि हा मधेच बोलतो. यात त्याचं स्वतःचं काय?" तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय. तू इतकी वर्षं भजनात झील धरतोस, बुवांनी ओळ सोडली की नेमकी कुठे उचलायची हे तुला सांगावं लागत नाही. त्यामुळे यू-रॉय तुला कळणार, याची मला खात्री आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. आपल्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. जमैकात रेकॉर्ड लावतो त्याला सिलेक्टर म्हणतात, आणि ती वाजत असताना माइक धरून बोलतो तो डीजे. त्या बोलण्याला टोस्टिंग म्हणतात.

यू-रॉयचं खरं नाव यूअर्ट बेकफर्ड. जन्म १९४२ चा, किंग्स्टनमधल्या जोन्स टाउन या गरीब वस्तीतला. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. घरातल्या एका लहानग्याला ‘यूअर्ट’ म्हणता येईना, त्याच्या बोबड्या तोंडून ‘यू-रॉय’ निघालं आणि तेच जन्मभर चिकटलं. त्या काळी तिथल्या गोरगरिबांचं करमणुकीचं ठिकाण म्हणजे साउंड सिस्टिम. कपाटाएवढे स्पीकर, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्डचा गठ्ठा, हे सगळं एखाद्या मोकळ्या आवारात मांडायचं आणि रात्रभर नाच. १९६१ मध्ये डिकी वाँगच्या साउंडवर यू-रॉयने पहिल्यांदा माइक हातात घेतला. तो या कामातला पहिलाच माणूस होता असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्याआधी काउंट मचूकी होता, किंग स्टिट होता. पण ही मंडळी बहुधा गाण्याच्या आधी, नाहीतर मधल्या वाद्यांच्या तुकड्यावर चार चटकदार वाक्यं टाकायची. गाणारा गायला लागला की गप्प बसायचं. जागाच नव्हती ना!

ती जागा करून दिली किंग टबीने. खरं नाव ऑस्बर्न रडक. रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा, हाताने सर्किट जोडणारा माणूस. ड्यूक रीड या निर्मात्याचं बाँड स्ट्रीटवर दारूचं दुकान होतं आणि त्याच्याच माडीवर ट्रेझर आइल स्टुडिओ. तिथे टबी तबकड्या कापायचा, म्हणजे ध्वनिफितीवरचं गाणं तबकडीवर कोरायचा. गाण्याच्या ध्वनिफितीवर आवाज वेगळा आणि वाद्यं वेगळी असली की गायकाचा आवाज हवा तेव्हा काढून टाकता येतो. खाली फक्त बेस आणि ड्रम चालू. टबी अशा तबकड्या आपल्या साउंडवर वाजवायचा, एखादी ओळ ऐकू द्यायचा आणि पुढची गिळून टाकायचा. त्या मोकळ्या झालेल्या जागेत माइक घेऊन उभा होता यू-रॉय.

एका नाचाच्या रात्री जॉन हॉल्ट तिथे होता. पॅरागॉन्स या त्रिकुटाचा हा गायक. आपल्याच ‘वेअर यू टू द बॉल’ या गाण्यावर यू-रॉय बोलतोय आणि लोक वेडे झालेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. माझ्या गाण्यावर हा कोण बोलणारा, म्हणून तो रागावला नाही. उलट जाऊन ड्यूक रीडला सांगितलं की याला रेकॉर्ड करा. सदा, या गोष्टीपाशी मी दरवेळी थांबतो. मूळ गायकानेच दार उघडून दिलं. १९७० मध्ये ‘वेक द टाउन’, ‘रूल द नेशन’ आणि हे ‘वेअर यू टू द बॉल’, अशी यू-रॉयची तीन गाणी जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या तिन्ही जागांवर एकाच वेळी होती.

काल रात्री हेडफोन लावून, कागद-पेन्सिल घेऊन ते गाणं दहा-बारा वेळा ऐकलं. हॉल्टचा आवाज आला की वर रेघ, यू-रॉयचा आला की खाली. हॉल्ट आपल्या मैत्रिणीला सांगतो, आज तुला नाचाला नेणार. ओळ संपते न संपते तोच यू-रॉय तिलाच विचारतो, ऐकलंस ना काय म्हणतोय ते? मग हॉल्ट गायब, आणि बेसवर यू-रॉय एकटा. बोलता बोलता मध्येच आरोळी ठोकतो, शब्द लांबवतो, तोडतो, पुन्हा तालावर पाय ठेवतो. हॉल्ट परत येतो तेव्हा यू-रॉयने जागा रिकामी केलेली असते. एकदाही आवाजावर आवाज चढत नाही. तू विचारलंस ना, त्याचं स्वतःचं काय? हे ऐकणं त्याचं. चाल त्याची नव्हती, पण ती त्याने इतकी आत मुरवली होती की तिचा श्वास कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं.

पुढे तोच रस्ता किती जणांनी धरला! डेनिस अल्कापोन, बिग यूथ. आय-रॉयच्या तर नावातच यू-रॉय दिसतो. १९७५ मध्ये यू-रॉयचा ‘ड्रेड इन अ बॅबिलॉन’ हा अल्बम निघाला आणि तो इंग्लंडात पोचला. रॅपचा उगम म्हणूनही यू-रॉयचं नाव घेतात. तिथे मी जरा जपून बोलेन. किंग्स्टनमध्ये जन्मलेला कूल हर्क बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला गेला आणि ११ ऑगस्ट १९७३ ला तिथल्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत त्याने ती प्रसिद्ध पार्टी केली, जिथून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात. मोठे स्पीकर, रेकॉर्ड आणि माइकवरचं बोलणं, हा संसार जमैकाच्या साउंडशी मिळताजुळता आहे. पण ब्राँक्समधल्या काळ्या पोरांची स्वतःची बोलण्याची परंपरा होतीच. सरळ रेघ ओढली तर त्या पोरांवर अन्याय होईल.

मला त्याहून मोठी वाटते ती त्याची स्टर-गॅव्ह. नाव झाल्यावर त्याने स्वतःची साउंड सिस्टिम काढली आणि तिच्यावरचा माइक नव्या पोरांच्या हाती दिला. जोसी वेल्स, चार्ली चॅप्लिन (डीजे बरं का, त्याने घेतलेलं नाव) तिथेच तयार झाले. लोक त्याला ‘डॅडी’ म्हणायचे ते उगाच नाही. २००७ मध्ये जमैका सरकारने त्याला ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो गेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन.

दोन गाणी मोबाइलवर पाठवतोय. आधी पॅरागॉन्सचं मूळ ऐक, पाठ होईपर्यंत. मगच यू-रॉयचं. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बेस ऐकूच येणार नाही. मंडळाचा साउंड शनिवारी मोकळा असतो ना, त्यावर लाव. एकादशीला मिरजेला येतोय. तो रेघांचा कागद घेऊन येतो, तू ऐकून सांग माझ्या किती चुकल्या.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू