बहात्तरचा दुष्काळ आवाजात टिपायचा तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मराठी पॉडकास्टवरचा लेख वाचला. यादी भरघोस होती, पण तिच्यातले जवळपास सगळे कार्यक्रम एकाच घाटाचे: स्टुडिओ, दोन माइक, समोरासमोर दोन माणसं आणि त्यातलं एक आधीच प्रसिद्ध. आकाशवाणीवर ज्याला रूपक म्हणत, म्हणजे एखाद्या माणसाचं किंवा गावाचं जगणं त्याच्याच तोंडून, भोवतालच्या आवाजांसकट अर्ध्या तासात उभं करणारा कार्यक्रम, तो या यादीत औषधालाही नव्हता. ही उणीव आत्ताच का भरून काढायला हवी आणि कशी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

१९७२च्या दुष्काळात जे विशीत होते ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. पाझर तलावांवर आणि रस्त्यांच्या कामांवर खडी फोडलेली, सुकडी आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खाऊन दिवस काढलेली ही माणसं. त्या कामांच्या अनुभवातून १९७७चा रोजगार हमी कायदा झाला आणि २००५च्या केंद्रीय कायद्यापुढेही तोच नमुना होता. १८ जानेवारी १९८२ला संपावर गेलेल्या मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांतले सगळ्यात तरुणही आता साठीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. या दोन्हींवर पुस्तकं आहेत, अहवाल आहेत, प्रबंध आहेत. पण साच्यांच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या, खडखडाटात कामगार एकमेकांशी खाणाखुणांनी कसे बोलत, हे कागदावर वाचणं वेगळं आणि त्या खडखडाटाने कान गेलेल्या माणसाच्या चढ्या आवाजात ऐकणं वेगळं.

असं काम महाराष्ट्रात झालेलं आहे, आणि ते जगाने दखल घ्यावी एवढं मोठं आहे. पुण्यातले अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. आधी हाताने लिहून घेतल्या, मग नव्वदच्या दशकात त्यांचं ध्वनिमुद्रणही सुरू झालं. आज ‘पारी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारताच्या नोंदींचा संग्रह) संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. त्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे नोंद. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. म्हणूनच दोन दशकांनंतर ‘पारी’ची माणसं त्या गावांत जाऊन गायिकांना पुन्हा भेटू शकली. नाव-गाव नसलेला आवाज कितीही गोड असला तरी अभ्यासाला आणि वारसांना जवळपास निरुपयोगी.

जात्याचंच उदाहरण घेऊ, कारण आवाज टिपण्यातल्या निम्म्या अडचणी त्यात येतात. ओवी जात्याच्या फेऱ्याशी बांधलेली असते. आजीला खुर्चीत बसवून “गा” म्हटलं की दोन-चार ओव्यांवर गाडी थांबते. खुंटा हातात आला की एकीतून दुसरी निघत जाते. म्हणून जातं हवंच. पण त्याची घरघर जमिनीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून माइकमध्ये चढते. नुसत्या कानांना हे कळत नाही, हेडफोन लावला तरच कळतं. स्टँडखाली चौपदरी गोधडी घालावी. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, हनुवटीच्या जरा खाली आणि थोडा बाजूला ठेवावा. थेट समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटका बसतो. रेकॉर्डरवर ८० हर्ट्झखालचे आवाज गाळण्याची सोय असेल तर गाताना ती चालू ठेवावी. नंतर ती बंद करून, माइक जात्यापासून हातभर अंतरावर ठेवून, नुसतं दळण पाच मिनिटं वेगळं टिपावं. घरघर आपल्याला हवीच आहे, ती गाण्यावर चढायला मात्र नको. आणि बांगड्या काढायला कधीही सांगू नये. त्या मागणीचा अर्थ त्या घरात काय होतो हे वेगळं सांगायला नको. बोलताना हात मांडीवरच्या उशीवर राहिले की किणकिण पुरेशी कमी होते.

यंत्राचं फार कौतुक नको. दहा-बारा हजारांचा हातात मावणारा रेकॉर्डर पुरतो. तोही नसेल तर मोबाइल, त्याला वायरचा कॉलर माइक, आणि फोन विमान मोडवर. ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्येच, ४८ किलोहर्ट्झ आणि जमल्यास २४ बिटवर. एका माइकचा एक तास साधारण अर्ध्या जीबीत बसतो, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर साठ तास. पातळी अशी लावावी की रेकॉर्डरच्या मीटरवर मोठ्यात मोठा आवाज मायनस १२ ते मायनस ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला टेकला की तिथला आवाज फाटला, तो नंतर नीट शिवता येत नाही. आपोआप पातळी लावणारी सोय मात्र बंद करावी. म्हातारं माणूस बोलता बोलता थांबतं तेव्हा ती सोय गप्प राहत नाही, रस्त्यावरचं कुत्रं आणि शेजारचा टीव्ही वर ओढून आणते. अशा आठवणींत ते थांबणंच कधीकधी सगळ्यात महत्त्वाचं असतं.

जागेच्या बाबतीत आमचं मत पक्कं आहे: माणसाला सभागृहात आणू नका, त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी जा. पण घरातली खोली नीट निवडा. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो आणि ऊन चढलं की पत्रा तडतडतो. म्हणून सकाळी सात ते दहा ही वेळ बरी, पंखा बंद ठेवला तरी चालतो. धान्याची पोती रचलेली खोली मिळाली तर तिच्याइतका चांगला स्टुडिओ नाही, पोती घुमणारा आवाज शोषून घेतात. नाहीतर दोन भिंतींवर गोधड्या टांगाव्यात. फ्रिज बंद करायला लावलात तर गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय तुम्हाला निघता येणार नाही. मागे मालिका किंवा गाणं वाजत असेल तर थांबावंच. बोलण्यातलं एक वाक्य कापलं की मागचं गाणं उडी मारतं आणि ते मुद्रण संपादनाला निकामी ठरतं. बाहेर वाऱ्यात स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ आवरण लागतं. उठण्यापूर्वी सगळ्यांनी एक मिनिट गप्प बसून त्या खोलीची शांतता टिपावी. पुढे दोन तुकडे जोडताना हीच शांतता मधे भरावी लागते.

मुलाखत बिघडते ती बहुतेक वेळा प्रश्नामुळे. “दुष्काळात कसं वाटलं?” याचं उत्तर ठरलेलं: “लई हाल झाले.” त्याऐवजी, कामावर जायला घरातून किती वाजता निघायचात? लेकरू कुठे ठेवायचात? हातोडीला दांडा कोण बसवून द्यायचं? खडीचं माप कसं घ्यायचे, आणि माप कमी भरलं तर? अशा प्रश्नांनी हात हलायला लागतात, आणि हात हलले की आठवण बोलते. विचारून झालं की गप्प बसावं. मराठी माणसाला ऐकताना “हं, हं”, “हो ना”, “अगदी” म्हणायची सवय असते. एरवी ती आपुलकीची, पण ध्वनिमुद्रणात प्रत्येक चांगल्या वाक्यावर तो हुंकार चिकटतो आणि निघत नाही. मान हलवावी. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाच आकडे मोजावेत, पुष्कळदा खरं उत्तर त्यानंतर येतं. घरातला शिकलेला मुलगा किंवा नातू आजीऐवजी उत्तरं देऊ लागतो, त्याच्या हातात हेडफोन द्यावा आणि आवाजावर लक्ष ठेवायचं काम सोपवावं. तो गप्पही बसतो आणि आजीचं बोलणं बहुधा पहिल्यांदाच सलग ऐकतो.

एका बैठकीत भागत नाही. तास-दीड तासात वयस्कर माणूस थकतं. चार-सहा दिवसांनी पुन्हा गेलं की मधल्या काळात जागं झालेलं बरंच काही बाहेर येतं. सालांचा घोळ होतो, दोन दुष्काळ एकात एक मिसळतात. तोंडावर चूक काढू नये. “थोरला तेव्हा रांगत होता का?” असं विचारलं की साल आपोआप जागेवर बसतं. उरलेली खातरजमा कागदपत्रांवरून करावी.

अर्ध्या तासाच्या रूपकाला सहा ते आठ तासांचं ध्वनिमुद्रण लागतं, आणि एक तास ऐकून वेळांसकट उतरवून काढायला पाच-सहा तास जातात. आपोआप लिहून देणारी साधनं वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीपुढे अडखळतात, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणं परस्पर प्रमाण करून टाकतात. जसं बोललं तसंच लिहावं. निवेदन सहा-सात मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये. मिनिटाला ११०-१२० शब्द धरले तर साडेसातशेच्या आसपास शब्द. वाक्याआधीचा श्वास कापू नये, कापला की माणूस यंत्रासारखा ऐकू येतो. खरखर काढण्याची सोय जपून वापरावी, जास्त झाली की ‘स’, ‘श’, ‘च’ खाऊन टाकते. आणि दुःखाच्या प्रसंगाखाली बासरी किंवा सारंगी लावण्याची खोड सोडावी, ही कळकळीची विनंती. खडी फोडणाऱ्या बाईच्या शब्दांना वरून रडं लावायची गरज नसते.

तयार कार्यक्रम गावात पोहोचवणं अवघड नाही. एका वाहिनीची (मोनो) ६४ केबीपीएसची एमपीथ्री केली तर अर्धा तास साधारण १४ एमबीत मावतो. व्हॉट्सअॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, स्पीकरवर वाजवून व्हॉइस मेसेज करू नये. सामुदायिक रेडिओ केंद्रांचा उपयोग आपण फार कमी करतो. २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही त्यांचा परवाना मिळू लागला. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं केंद्र तर ऐन दुष्काळी पट्ट्यातच आहे. १०० वॅटच्या अशा केंद्राचा पल्ला फारतर दहा-पंधरा किलोमीटर, पण ज्यांचा आवाज आहे ते नेमके त्या पल्ल्यात राहतात.

संमतीबद्दल सैलपणा खपवून घेऊ नये. कागदावर अंगठा घेऊन भागत नाही. हे इंटरनेटवर जाईल, पुण्या-मुंबईला तसंच तुमच्या भावकीतही ऐकलं जाईल, असं त्यांच्या बोलीत सांगून त्यांचा होकार ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच टिपावा. बोलण्याच्या भरात जमिनीचा तंटा, सुनेचं भांडण, जातीवरून झालेला अपमान, सगळं येतं. सांगणारीला त्याच गावात राहायचं असतं. प्रसारणाआधी तयार कार्यक्रम तिला ऐकवावा आणि ती म्हणेल ते काढावं, कितीही जीव तुटला तरी. मूळ फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीत, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

जुन्या कॅसेट घराघरांत आणि महाविद्यालयांच्या कपाटांत पडून आहेत, त्यांचंही पाहायला हवं. पावसाळी ओलीने टेपवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच लावली तर टेप फाटू शकते आणि बुरशी टेप वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटवरही जाते. आधी साफ करून घ्यावी, आणि पाठीवरचे दोन्ही छोटे टॅब मोडून टाकावेत, म्हणजे चुकून वर मुद्रण होणार नाही. डिजिटल प्रत वाजण्याच्याच वेगाने होते, साठ मिनिटांच्या शंभर कॅसेटना शंभर तास. त्यामुळे दुर्मीळ आवाज आधी घ्यावेत. बाजारात मिळणारी गाणी राहिली तरी चालतील.

आपल्या वृत्तपत्राच्या जिल्हा आवृत्त्या आहेत. प्रत्येक आवृत्तीने आपल्या भागातलं एक सार्वजनिक ग्रंथालय किंवा महाविद्यालय निवडून, बहात्तरला कामावर गेलेल्यांची नावं तिथे नोंदवा असं चार ओळींचं आवाहन छापावं. दिवाळीनंतर, सुगीची घाई ओसरली की, सकाळी माणसं भेटतात आणि बोलायला सवड असते. नावांची यादी तोवर तयार असायला हवी.

कळावे,
आपले,
ध्वनिमुद्रण आणि रूपकनिर्मितीचं काम करणारे काही सहकारी, पुणे