गाडीखाली एकदा वाकून बघा, साहेब

सन्माननीय नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी रत्नागिरीचा. ३४ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. घरामागे कौलारू शेड आहे आणि तिथे १९९२ सालची प्रीमियर पद्मिनी मोटार उभी असते. आधी फक्त रविवारी आणि आता कुठल्याही वारी मी तिच्याखाली पाठीवर पडलेला असतो. हा माझा धंदा नाही. पैसे घेऊन कुणाच्या गाडीचा नटही मी कधी फिरवलेला नाही. घरच्यांच्या मते हे व्यसन आहे, आणि तंबाखूपेक्षा महाग.

तुम्हाला मराठीत लिहितोय, कारण तुम्ही नागपूरचे. नागपूरचा मुद्दा पुढे येणारच आहे. त्याआधी एक कबुली.

ही गाडी माझ्या काकांची. जून १९९२ची नोंदणी. काका गेल्यावर दोन वर्षं ती अंगणात निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली उभी राहिली. ताडपत्रीने गाडी जपली जाते असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात आतली दमट हवा आतच कोंडते आणि पत्रा वाफेवर ठेवल्यासारखा होतो. त्यापेक्षा चारी बाजूंनी वारा खेळणारी झापांची शेड बरी. हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. रबरी मॅट उचलली तर मॅटबरोबर तळही उचलला गेला. शेजारचे वेल्डिंगवाले मिस्त्री बघायला आले, टॉर्च मारून म्हणाले, "सर, ह्या गाडीला तळ नाय, चाळण हाय."

तेव्हा माझ्याकडे हौस होती आणि अक्कल नव्हती. तेलाचा १५ किलोचा डबा कापला, त्याचा पत्रा भोकांवर बसवला, पॉप रिव्हेट मारले, वर लांबी (पुट्टी) भरली आणि डांबर फासलं. काळा रंग दिल्यावर तळ नवाकोरा दिसायला लागला. २०१७ मध्ये आरटीओत रिपासिंगला, म्हणजे नोंदणी पुढे चालू ठेवायच्या तपासणीला नेली. बॉनेट उघडायला लावलं, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघितले. पीयूसी आणि विम्याचे कागद तपासले. गाडी पास. शुल्क ६०० रुपये, पुढची पाच वर्षं मोकळा रस्ता. खाली कुणी वाकलं नाही.

पुढच्या वर्षी गणपतीत गावी जाताना एका गतिरोधकावर माझी सीट पुढच्या बाजूने दोन बोटं खाली बसली. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळ, दोन्ही बाजूंच्या दारांखालचे उंबरठे आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो आणि सीटचे बोल्टही तळातच आवळलेले असतात. म्हणजे मी वर्षभर तेलाच्या डब्यावर बसून गाडी चालवत होतो, बाजूला सौ. आणि मागे नात. सरकारी शिक्क्यानिशी!

त्यानंतर काम नीट केलं. कोकणात पत्र्याचं काम करायला नोव्हेंबर ते मे एवढेच दिवस मिळतात, त्यामुळे असे तीन मोसम लागले. आधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली, कारण वेल्डिंगची ठिणगी कुणाचं वय विचारत नाही. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवली. टोकदार हातोडीने टकटक करत गेलो. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. जांभ्याची तांबडी माती आणि गंज एकाच रंगाचे, कारण दोन्हीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. आमच्या जमिनीलाच गंज चढलेला आहे म्हणा ना. त्यामुळे चिखल कुठे संपतो आणि रोग कुठे सुरू होतो हे धुतल्याशिवाय कळत नाही. उंबरठ्यांना पाणी निचरून जायला कंपनीने भोकं ठेवलेली असतात. ती पानांनी आणि चिखलाने बुजली की आत तळं साचतं आणि पत्रा आतून खात जातो. बाहेर रंगाला फोड दिसतो तोवर आतलं दुकान बंद झालेलं असतं.

सडलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत कापला. मूळ आकाराचे तुकडे पुठ्ठ्यावर आखून १८ आणि २० गेजच्या पत्र्यातून काढले. मूळ तळाला ताकदीसाठी दाबलेल्या कण्या (उंच रेघा) असतात, त्याही लाकडी साच्यावर ठोकून उठवल्या. मिस्त्रींनी त्यांचं सीओटू मशीन आणून वेल्डिंग केलं. एका जागी सलग रेघ मारली तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो, म्हणून इथे एक ठिपका, तिथे एक ठिपका, मध्ये चहा. उरलेल्या किरकोळ गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावलं, ते गंजाचं काळ्या फॉस्फेटच्या थरात रूपांतर करतं. मग प्रायमर, सांध्यांना सीलर, खालून जाड लेप. बारीकसारीक भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरला जोडले. भाग ऋण टोकाला, धन टोकाला भंगार लोखंड. फळ्यावर ३४ वर्षं 'क्षरण' शिकवलं, पण एकाही मुलाला गंजाचा वास दाखवला नव्हता, ही खंत आहे.

जून २०२२ मध्ये पुन्हा रिपासिंग. पुन्हा पेन्सिल, दिवे, हॉर्न, वायपर. पुन्हा पास. खाली कुणी वाकलं नाही. शुल्क मात्र ५,००० रुपये, कारण त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून ते वाढलं होतं. म्हणजे गाडी तेलाच्या डब्यावर उभी होती तेव्हा ६०० आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली तेव्हा ५,०००. ऑगस्ट २०२५च्या दुरुस्तीप्रमाणे २० वर्षांवरच्या मोटारीला आता १०,००० आहेत, तेव्हा २०२७ ला ते भरायचे आहेत.

पैशांची तक्रार म्हणून हे लिहिलं नाही. हौसेला मोल असतं. पण एवढं शुल्क घेऊन तपासणारा जर फक्त वर्ष मोजणार असेल, तर ते काम कॅलेंडरही करेल.

आता नागपूर. माझे मेहुणे तिथे असतात. त्यांची १९९८ची मोटार मी गेल्या उन्हाळ्यात खालून पाहिली. पाहुणचार बाजूला ठेवून आधी गाडीखाली गेलो याचा बहिणीला अजून राग आहे. उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला, दारांची रबरं वाळून कडक झालेली, पण तळाला कंपनीचा मूळ रंग! उलट आमच्या गल्लीतली, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर उभी राहणारी एक १२ वर्षांची छोटी गाडी आहे. तिच्या जॅक लावायच्या जागेत माझं बोट आत गेलं. नागपुरात वर्षाला साधारण १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० च्या पुढे, आणि वर खारा वारा. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाची क्रिया वेग घेते, एवढं दहावीचं विज्ञान आहे. तुमच्या नियमात मात्र मेहुण्यांची गाडी म्हातारी आणि आमच्या गल्लीतली तरुण. तरुण गाडीला पहिली १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत रिपासिंगच नाही. तिच्या उंबरठ्यात कुणी बघणारच नाही.

ब्रिटनमध्ये दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. पाऊस तिथेही आहे आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गंजाची त्यांना आमच्याइतकीच ओळख. तिथे सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट यांच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला भार घेणारा पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. अशा जागी लांबी भरून चालत नाही, वेल्डिंगच लागतं. मी २०१७ मध्ये तिथे असतो तर गाडी तिथेच ठेवून बसने घरी आलो असतो, आणि ते योग्यच झालं असतं. आणि जुनी गाडी म्हणून शुल्क जास्त, असा प्रकार तिथे नाही. ४० वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना तिथे ही तपासणी माफ आहे. तेवढं मी मागत नाही. अरबी समुद्र कुणाला माफी देत नाही.

दुसरा मुद्दा यापेक्षा अवघड आहे आणि मला वाटतं तो तुमच्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आलेला नाही. जुलै २०२१ मध्ये तुम्ही व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची पाटी, २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत. जुन्या गाड्यांच्या माणसांनी तुम्हाला तेव्हा मनापासून दुवा दिला, मीही. पण त्यात अट अशी आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी आणि चेसिस, बॉडी शेल (पत्र्याचा सांगाडा) किंवा इंजिनात बदल होईल असं मोठं काम तिच्यावर झालेलं नसावं.

पद्मिनीचा तळ हा तिच्या बॉडी शेलचाच भाग. कोकणात, गोव्यात, मुंबईत मोटार तळाचा पत्रा न बदलता सहसा पन्नाशी गाठत नाही. मग मी बसवलेला नवा तळ हा बदल की दुरुस्ती? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये 'बदल' म्हणजे काय ते दिलंय: वाहनाच्या रचनेतला असा फेर, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. त्या अर्थाने मी काहीच बदललेलं नाही. व्हिंटेजच्या नियमात मात्र अशी व्याख्या नसल्याने उत्तर समोरच्या साहेबाच्या मर्जीवर राहतं. प्रामाणिक माणूस वेल्डिंगचे फोटो दाखवेल आणि अडकेल. डांबर फासणारा सुटेल. 'सडलेल्या पत्र्याच्या जागी त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पत्रा बसवणे ही दुरुस्ती समजावी' एवढं एक वाक्य त्या नियमात घाला. खर्च शून्य.

आणि ५० ही अट फार लांबची आहे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' ३० वर्षांची गाडी ऐतिहासिक मानते. जर्मनीतही ३० वर्षांच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला तपासणीनंतर नंबरपाटीवर वेगळं 'एच' अक्षर मिळतं. माझी पद्मिनी २०४२ साली पन्नाशीची होईल, तेव्हा मी ७८ वर्षांचा असेन. माझ्यापेक्षा तिचा भरवसा जास्त, पण तोवर तिला सांभाळणार कोण? कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाड्या या शतकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ मध्ये बरोबर त्याच सुमाराला रस्त्यावरून उतरली. ज्या गाडीत निम्मी मुंबई इस्पितळात, लग्नाला आणि स्टेशनवर गेली, ती आता बघायची तर आमच्यासारख्यांच्या शेडमध्येच.

भंगार धोरणाला माझा विरोध नाही. मेलेली गाडी रस्त्याकडेला वेलींखाली सडत ठेवण्यापेक्षा ती कापलेली बरी. एवढंच करा की नोंदणीकृत भंगार केंद्रांतून दाराच्या बिजागऱ्या, काचा, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) असे भाग माझ्यासारख्या एकट्या माणसाला बिलासकट मिळू देत. आज हे भाग आणायला मुंबईच्या भंगार बाजारात जावं लागतं आणि बिल मागितलं की दुकानदार आधी हसतो, मग चहा मागवतो.

प्रदूषणाचं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, कार्बोरेटरची गाडी किलोमीटरमागे आजच्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते. माझी वर्षाला ६०० किलोमीटरही चालत नाही. हौशी गाड्यांना किलोमीटरची मर्यादा घाला, दरवर्षी मीटरचा आकडा लिहून घ्या, माझी तयारी आहे. (इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने उभ्या गाडीच्या टाकीत ओल कशी जमते, यावर वेगळं पत्र लिहीन. हे आधीच लांबलंय.)

जून २०२७ मध्ये माझं रिपासिंग आहे. १०,००० रुपये बाजूला काढून ठेवलेत. जॅक, दोन घोड्या, टॉर्च, टोकदार हातोडी आणि जमिनीवर अंथरायला गोणपाट मी घरून घेऊन येईन. तपासणाऱ्या साहेबांना फक्त पाच मिनिटं आडवं व्हावं लागेल. तशी लेखी सूचना तेवढी त्यांच्यापर्यंत पोचवा.

आपला,
रत्नागिरीचा एक निवृत्त विज्ञान शिक्षक