चाचणी न घेता दिलेल्या फॉर्म बी प्रमाणपत्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक

विषय : पांढरकवडा तालुक्यातील आमच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातील आग विझवण्याच्या यंत्रणेची तपासणी न करताच दिलेले जानेवारीचे फॉर्म बी

महोदय,

आमची यंत्रणा बसवणाऱ्या आपल्या कंपनीच्या सेवा विभागाशी आज दुपारी झालेल्या बोलण्यानंतर यापुढे फोन करायचा नाही असे ठरवले असून जे सांगायचे ते लेखी कळवत आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ काय सांगतो हे आपल्याला समजावून देण्याची गरज नसावी, कारण आपला परवाना त्याच कायद्याखालचा आहे. इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत आणि कार्यक्षम असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे (एजन्सीचे) प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म बी, मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सादर करायचे असते. या जानेवारीचे प्रमाणपत्र आपल्याकडून वेळेवर आले. इतके वेळेवर की ते देण्यापूर्वी आपला माणूस कारखान्यात यायचाच राहून गेला. आमच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये सरकीच्या ट्रकपासून चहावाल्यापर्यंत प्रत्येकाची नोंद असते. आपल्या तंत्रज्ञाची नाही.

प्रमाणपत्र फाइलला लावण्याआधी आम्ही पंपघरात जाऊन पाहिले. पाइपातला दाब छोट्या जॉकी पंपाने कायम राखायचा, हायड्रंट (आग विझवण्याच्या पाण्याचा नळ) उघडून दाब उतरला की प्रेशर स्विचने मुख्य पंप आपोआप सुरू व्हायचा आणि वीज नसेल तर त्याची जागा डिझेल पंपाने घ्यायची, अशी ही रचना आपणच बसवून दिलेली आहे. प्रत्यक्षात प्रेशर स्विचच्या तारा काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली सापडली. जमिनीखालचा पाइप कुठेतरी गळतो, त्यामुळे जॉकी पंप सारखा सुरू होत असे. गळती शोधण्याऐवजी आपल्या तंत्रज्ञाने मागील भेटीत तार काढून आवाज बंद केला. दाबमापकाचा काटा शून्यावर आहे. डिझेल इंजिनची बॅटरी मेलेली आहे. आमचा पंप ऑपरेटर म्हणाला, "सायेब, हा तान्ह्या पोळ्याचा लाकडाचा बैल हाय. दिसाले देखना, कामाले नाही." यंत्रणेच्या स्थितीबद्दल या प्रकरणात आजवर झालेले हे एकमेव प्रामाणिक निवेदन आहे, आणि ते देणाऱ्याकडे कसलाही परवाना नाही.

मुख्य पंप हाताने सुरू करून गाठींच्या गोदामाजवळचा शेवटचा हायड्रंट उघडला. सर्वांत दूरच्या हायड्रंटवर किमान ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब हवा, असे आपल्याच कोटेशनमध्ये राष्ट्रीय इमारत संहितेच्या हवाल्याने छापलेले आहे. आमच्या नोझलचे पाणी ते धरणाऱ्याच्या पायाशी पडले.

आमच्या कारखान्यात हे पाणी का महत्त्वाचे आहे, तेही आपल्याला ठाऊक आहे असेच मी धरून चालतो. शेतकऱ्याच्या कापसातून आलेला एखादा खडा किंवा तारेचा तुकडा डबल रोलर जिनच्या (रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) सुरीवर आपटला की ठिणगी पडते, आणि ती ठिणगी रुईबरोबर पुढे जाते. रुईच्या ढिगावरची ज्वाला पावडरच्या सिलिंडरने वरवर विझते, पण ढिगाच्या आत किंवा १७० किलोच्या दाबलेल्या गाठीच्या पोटात आग धुमसत राहते आणि सगळे निश्चिंत झाल्यावर पुन्हा वर येते. तिथे पाणीच लागते, भरपूर लागते आणि दाबाने लागते. नगर परिषदेचा बंब तालुक्याच्या गावाहून यायचा आहे. तो येईपर्यंत आमच्याजवळ जे काही आहे ते आपण बसवलेले आहे.

आता आजच्या फोनबद्दल. आपल्या सेवा विभागाचे प्रमुख म्हणवणाऱ्या गृहस्थांनी मी वरील सर्व सांगून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला, "साहेब, आग लागली आहे का?" मी नाही म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मग तक्रार कशाची?" मी डिझेल पंप सुरू होत नसल्याचे पुन्हा सांगितले. त्यांनी विचारले, "सर्टिफिकेट मिळालं ना तुम्हाला?" मी मिळाल्याचे कबूल केले. "मग पंप चालू करून बघायची गरजच काय होती?" हे वाक्य मी जसेच्या तसे लिहीत आहे आणि ते लिहितानाही माझा विश्वास बसत नाही. आग विझवण्याची यंत्रणा विकणाऱ्या कंपनीचा जबाबदार माणूस ग्राहकाला, पंप चालू करून पाहिल्याबद्दल, जाब विचारत होता.

त्यानंतर मी सिलिंडरांकडे वळलो. पावडरच्या सिलिंडरांवर जुन्या लेबलाच्या वर नव्या तारखेचे लेबल चिकटवलेले आहे, पण त्यांची हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबाने मजबुती तपासण्याची) चाचणी झाल्याची कोणतीही नोंद नाही. इलेक्ट्रिक पॅनेलजवळच्या सीओटू सिलिंडरांबद्दल विचारले तेव्हा त्या गृहस्थांनी मोठ्या धीराने, लहान मुलाला सांगावे तसे सांगितले, "त्याच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर काळजी करू नका." महोदय, सीओटू सिलिंडरला दाबमापक नसतो. त्याच्यावर हिरवा पट्टा नाही, काटा नाही, काहीच नाही. तो वजन करूनच तपासतात आणि आतल्या वायूचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले असेल तर पुन्हा भरतात. मी हे त्यांना सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "तुमचं मॉडेल जुनं असेल." मॉडेल आपलेच आहे, आणि काटा नव्या मॉडेललाही नसतो.

एवढ्यावर थांबते तर मी बहुधा गप्प राहिलो असतो. शेवटी त्यांनी सल्ला दिला, "तुमची ग्रामपंचायत हद्द आहे ना? तिकडे कोण येतंय तपासायला?" आपल्या कोटेशनच्या पहिल्याच परिच्छेदात २००६ च्या कायद्यानुसार ही यंत्रणा आम्हाला बंधनकारक आहे, असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. बिल करताना लागू असलेला कायदा दुरुस्तीच्या वेळी ग्रामपंचायतीच्या शिवेवर येऊन थांबतो, हे आम्हाला नव्याने कळले.

आपल्या विक्री प्रतिनिधीने करार करताना भंडाऱ्याचे नाव घेतले होते, याचीही आठवण करून देतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. विदर्भातल्या माणसासमोर ते नाव विक्रीसाठी घ्यायला निगरगट्टपणा लागतो. तरीही आम्ही करार केला, कारण मुद्दा खरा होता. यंदाच्या त्याच जानेवारी महिन्यात, यंत्रणा न पाहता तिच्या कार्यक्षमतेवर सही करताना आपल्यापैकी कुणाला ते नाव आठवले नाही, याचा राग आहेच. त्याहून जास्त वाईट वाटते. ज्या कंपनीची नळकांडी आम्ही भरवशाने भिंतीवर टांगली, तिच्याबद्दल असे लिहावे लागेल असे वाटले नव्हते.

पुन्हा सांगतो, कारण फोनवर ते कुणाच्या कानात शिरलेले दिसत नाही : कुणीही आले नाही, काहीही तपासले नाही, आणि प्रमाणपत्र दिले गेले. प्रत्यक्ष पूर्तता किंवा देखभाल झालेली नसताना परवानाधारक अभिकरणाने प्रमाणपत्र देऊ नये, असे त्याच कायद्याचे कलम १० सांगते. उद्या काही घडले आणि विमा कंपनीने हे कागद मागितले, तर त्यावरची सही आपली असेल, पण जळालेली रुई आमची असेल आणि रात्रपाळीला असलेली माणसेही आमचीच असतील.

तरी हे फॉर्म बी लेखी मागे घ्यावे, गळती शोधून प्रेशर स्विच व डिझेल पंप दुरुस्त करावा, शेवटच्या हायड्रंटवर आमच्यासमोर दाब मोजून दाखवावा, पावडर व सीओटू सिलिंडरांची नियमाप्रमाणे चाचणी करावी आणि त्यानंतरच नवे प्रमाणपत्र द्यावे. हंगाम भरात आहे, यार्डात कापूस येतच आहे, त्यामुळे 'टीमला कळवले आहे' हे उत्तर चालणार नाही. हे पत्र पोचल्यापासून सात दिवसांत माणूस न आल्यास चिकटपट्टी लावलेल्या तारांच्या छायाचित्रांसह या पत्राची प्रत संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा, यांच्याकडे जाईल, आणि आपला परवाना त्यांच्याच हातात आहे. परिसरातले इतर जिनिंगवाले आपल्याबद्दल विचारतात; त्यांनाही मी हीच छायाचित्रे दाखवीन.

आपल्या तंत्रज्ञाने सीओटूसाठी वजनकाटा सोबत आणण्याची गरज नाही. आमच्याकडे आहे. त्याच्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे, आणि तो शिक्का मारण्यासाठी माणूस प्रत्यक्ष आला होता.

आपला,
व्यवस्थापक, जिनिंग-प्रेसिंग कारखाना
तालुका पांढरकवडा, जिल्हा यवतमाळ