बाई, पोरगं वाचायला लागलं

नमस्कार बाई,

समोर आलात की माझ्या तोंडून "बरंय ना?" यापलीकडं काही निघत नाही, म्हणून इथं लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. गावात ज्याला कळायचं त्याला कळेलच.

आधीच्या शाळेबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. पिवळी व्हॅन, टाय, बूट, आणि ऊसबिलाच्या तारखेवर डोळा ठेवून भरलेली फी. पोराला इंग्रजी महिने पाठ, मुळाक्षरं तर एका दमात. पण 'ध'वर बोट ठेवलं की पठ्ठ्या 'क'पासून पुटपुटत यायचा आणि 'ट-ठ'च्या आसपास घसरायचा. दुसरी संपली तरी साधी पाटी वाचता येईना. तिथल्या मॅडमनी डायरीत लाल शाईनं लिहिलं, 'लक्ष नाही, ट्यूशन लावा.' पालकसभेत सगळ्यांदेखत म्हणाल्या, "यांच्या घरी वातावरणच नसतं हो." आमच्याकडं रोज पेपर येतो, सासरे चष्मा पुसून पुसून अग्रलेखापर्यंत वाचतात. पण हे सांगायला कुणी विचारायला तर हवं!

तिसरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घातलं तेव्हा जाऊबाईंनी नाक मुरडलं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात त्याला शेजारी बसवून वाचायला दिलं. 'दिवा'ला तो 'इदवा' म्हणाला. मागं बसलेली पोरं खिदळली. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे त्याचं. वेलांटी आधी दिसतेय, म्हणून आधी वाचली." मी दारात डबा घेऊन उभी होते. आजवर त्याच्या चुकीला कुणी कारण विचारलं नव्हतं, आणि तुम्ही न विचारताच ओळखलंत. मग सगळी मुळाक्षरं बाजूला ठेवून तुम्ही चारपाच अक्षरं आणि काना एवढ्यावरच त्याला शब्द करायला लावलेत. ते सगळं इथं सांगत बसत नाही, तुमची विद्या तुम्हाला ठाऊक.

मला सांगायचंय ते त्या कागदाचं. आमची म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो वर्गात नुसता फुगून बसला होता म्हणे, कुणाला तरी सांगायचं होतं. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर स्केचपेननं तो बोलेल तसं लिहून घेतलंत: 'आमची म्हस राती याली. रेडी झाली. आज्जी लई खूश हाय.' एक अक्षर सुधारलं नाहीत. खाली तारीख घातलीत, त्याचं नाव घातलंत, आणि कागद त्याच्या हातात देऊन म्हणालात, "आता तूच मला वाचून दाखव."

त्यानं वाचलं. काय लिहिलंय ते त्याला आधीच माहीत होतं, म्हणून वाचलं, हे मलाही कळतं. पण घरी येऊन त्यानं तो कागद आज्जीला वाचून दाखवला, आजोबांना दाखवला, गोठ्यात जाऊन म्हशीलाही ऐकवला. 'आज्जी'तलं जोडाक्षर बोटानं दाबून दाबून दाखवत होता. तो कागद आमच्या फ्रिजवर आहे, कडा दुमडल्यात, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग पडलाय. आम्ही पाठवलेला खरवस तुम्ही अख्ख्या वर्गात वाटून टाकलात, स्वतःला ठेवलात की नाही देव जाणे.

आमच्या बोलीला कुणी कागदावर जागा दिली नव्हती, बाई. आधीच्या शाळेत 'आहे'ऐवजी 'हाय' म्हटलं की दंड होता.

2021 मध्ये केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान आलं, तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावं म्हणून. उद्देश चांगलाच आहे. पण त्याचे तक्ते भरायचे तुम्हीच, फोटो अपलोड करायचे तुम्हीच, खिचडीच्या तांदळाचा हिशोब तुम्हीच, आणि मतदारयादी घेऊन भर उन्हात आमच्या वस्तीवर आलात त्याही तुम्हीच. त्या दिवशीसुद्धा ओट्यावर बसून त्याची वही बघितलीत. सासरे तेव्हा पालघरकडच्या कोसबाडला आदिवासी पोरांसाठी शाळा चालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं सांगत होते. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर या बायांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. मी म्हटलं, ती माणसं अजून आहेत, फक्त त्यांच्या खांद्यावर आता मतदारयादीची पिशवीपण आहे. ज्यांनी पैसे मोजून घेतले त्यांनी पोराला नावं ठेवली, आणि ज्यांना आम्ही एक रुपया दिला नाही त्यांनी त्याचं ऐकून घेतलं. याचा राग आधी यावा की आनंद, मला अजून ठरवता येत नाही.

आता मात्र एक तक्रार आहे. पोरगं हाताला लागेल ते वाचतंय. एसटीच्या पाट्या, खताच्या पिशव्या, लग्नपत्रिकेतली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ तर दहादा. परवा लाइटबिल घेऊन बसला आणि 'स्थिर आकार' असं, 'स्थि'वर न अडखळता, वाचून विचारतो, "आई, म्हंजे काय?" मला येईना, त्याच्या वडिलांना येईना, सासऱ्यांनी नेमका तेव्हाच चष्मा काढून ठेवला. सोमवारी तो तुमच्याकडं येतोय बिल घेऊन. तयारीत राहा.

तुमची,
तिसरीतल्या एका मुलाची आई