बटण, बटण, बटण

संपादक महोदय,

आपल्या करिअरच्या पानावर सॉफ्टवेअर सोडणाऱ्यांच्या ज्या कहाण्या येतात, त्या दोनच साच्यांतल्या असतात. एक तर एआयच्या धास्तीनं पळालेला, नाहीतर लठ्ठ पगारावर लाथ मारून गिटार हाती घेतलेला. मी २७ वर्षांची आहे, ५ वर्षं प्रोग्रॅमिंग केलं आणि गेल्या महिन्यात राजीनामा दिला. या दोन्हींत मी बसत नाही, म्हणून हे पत्र.

माझं पहिलंच काम होतं, एक लांबलचक ऑनलाइन अर्ज अँग्युलरजेएस या वेबपानं बांधायच्या जुन्या साधनातून काढून नव्या अँग्युलरमध्ये बसवायचं. जुन्याचा सपोर्ट २०२१ अखेर संपणार होता. पुढे वरिष्ठ बदलले आणि तोच अर्ज रिअ‍ॅक्ट या आणखी एका साधनात गेला. यंदा एआयच्या मदतीनं तिसऱ्यांदा. तेच नाव-पत्ता-जन्मतारखेचे रकाने, भरलेलं बरोबर आहे का ते तपासणारी तीच व्हॅलिडेशन. भरणाऱ्याला तिन्ही वेळा काडीचा फरक पडला नसेल. ज्याला मला पूर्वी सहा आठवडे लागले, ते एआयनं दुपारभरात उरकलं. भीती वाटायला हवी होती. आला तो कंटाळा.

पण कंटाळ्यावर राजीनामा देऊ नये, रिलीजच्या आठवड्यात तर मुळीच नाही. रात्री दोनला ऑन-कॉलचा फोन वाजला की कुणालाही वैराग्य सुचतं. मी तीन महिने वहीत रोज एकच ओळ लिहायचं ठरवलं: आज कुठल्या कामात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. बहुतेक दिवस कोरेच राहिले. भरलेल्या ओळी जवळजवळ सगळ्या एकाच तिकिटाभोवती, म्हणजे नोंदवलेल्या एकाच तक्रारीभोवती होत्या.

ते तिकीट अकरा महिने बॅकलॉगमध्ये, म्हणजे राहिलेल्या कामांच्या यादीत पडून होतं. एका अंध वापरकर्त्यानं लिहिलं होतं, तुमच्या पानावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसतं ‘बटण, बटण, बटण’ म्हणतो. पेन्सिल, कचरापेटी, प्रिंटर अशी चित्रं आम्ही लावली होती, नावं दिलीच नव्हती. दुरुस्ती करायला गेलेला माणूस अख्खा अर्ज पुसून बसला असता! नावं द्यायला मला वीस मिनिटं लागली. मग एनव्हीडीए उतरवून घेतला. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रॅमरनं तो २००६ मध्ये लिहायला घेतला. मॉनिटर बंद करून मी आमचाच अर्ज भरायला बसले आणि चौथ्या रकान्यात अडकले. जन्मतारखेचं कॅलेंडर माऊसशिवाय उघडेचना. ते कॅलेंडर तिन्ही वेळा माझ्याच हातून गेलेलं.

आता मी ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंगमध्ये, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळ वापरता येतं का हे तपासायच्या कामात चालले आहे. पगार कमी. ‘इंजिनिअरची टेस्टर झालीस?’ असं काकांनी विचारलं, आणि त्यांना तरी काय दोष द्यायचा? लिहिणारा वरचा, तपासणारा खालचा ही उतरंड आमच्याच धंद्यात आहे. मीही ती पाळली. टेस्टरचा मेल आला की ‘माझ्या मशीनवर चालतंय’ एवढं लिहून परत पाठवायचा, हे मी कितीदा केलंय त्याचा हिशेब नाही. नव्या कामासाठी डब्ल्यूसीएजी २.२ ही ॲक्सेसिबिलिटीची नियमावली वाचते आहे. साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ : १ हवा, हे मोजायला यंत्र आहे. चित्राला दिलेलं वर्णन ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं आहे की नाही, हे मात्र ऐकूनच ठरवावं लागतं. वहीतल्या ओळी हल्ली कोऱ्या राहत नाहीत.

— एक वाचक

ता. क. पत्र धाडण्याआधी आपलं संकेतस्थळ एनव्हीडीएवर ऐकून पाहिलं. मुख्य बातमीच्या छायाचित्राला वर्णन नाही, आणि ‘आपले मत कळवा’च्या फॉर्ममधलं शेवटचं बटण नुसतंच ‘बटण’ आहे. म्हणून हे ईमेलनं पाठवते आहे.